जुन्या धाटणीचं कंट्रोल लाईन विमान: बांधणीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत, योग्य क्रमाने

कंट्रोल लाईन म्हणजे मधे उभं राहून, हातातल्या हँडलला जोडलेल्या दोन तारांवर गोल फिरवत उडवायचं इंजिनाचं मॉडेल विमान. पहिल्याच फेरीत जमिनीत घुसलेली बरीच कंट्रोल लाईन मॉडेलं मी पाहिलीत आणि त्यातल्या बहुतेकांचं सुतारकाम अजिबात वाईट नव्हतं, चूक होती ती क्रमाची. आधी फ्यूजलाज म्हणजे धड, मग पंख, मग कव्हरिंग, मग छान रंग, आणि सगळं झाल्यावर "चला आता लाईन लावू". इथेच गाडी घसरते, कारण या प्रकारात हँडल, दोन लाईन (तारा), लीडआऊट (पंखाच्या टोकातून बाहेर येणाऱ्या तारा, ज्यांना लाईन जोडतात), बेलक्रँक (पंखात बसवलेला फिरता तुकडा), पुशरॉड (तिथून शेपटीकडे जाणारी तार) आणि एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी फळी) ही एक साखळी आहे आणि बाकीचं विमान त्या साखळीभोवती बांधायचं असतं. पंख एकदा कव्हरिंगने बंद झाला की बेलक्रँकपर्यंत हात पोचत नाही. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका, आणि मधे मधे ज्या तपासण्या दिल्यात त्या पास झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

१. प्लॅन निवडा आणि आधी मोजा

पहिलं व्हिंटेज मॉडेल म्हणून प्रोफाईल फ्यूजलाजचं घ्या, म्हणजे ज्याचं धड एकाच जाड फळीचं असतं. स्टर्लिंगचं रिंगमास्टर यासाठी उत्तम आहे, साधारण ४२ इंची पंख, इंजिन उघड्यावर, काहीही दुरुस्त करायला सोपं. जॉर्ज ऑल्ड्रिचचं नोबलर कितीही सुंदर दिसलं तरी ते दुसरं किंवा तिसरं मॉडेल असू द्या, त्यात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्या) आहेत आणि फ्लॅप म्हणजे कंट्रोलमध्ये अजून एक जोड, अजून एक चूक करायची जागा. स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर डिझाईनची तारीख बघून घ्या, अमेरिकन नियमांत ओल्ड टाइम स्टंट (जुन्या मॉडेलांच्या कसरती) या गटासाठी ३१ डिसेंबर १९५२ पर्यंतची आणि क्लासिक गटासाठी ३१ डिसेंबर १९६९ पर्यंतची डिझाईन चालतात.

जुने प्लॅन फोटोकॉपी होऊन होऊन आलेले असतात आणि कधीकधी लांबीला एक आणि रुंदीला वेगळं असे ताणले गेलेले असतात. प्लॅनवर ज्याचं माप लिहिलेलं आहे अशी एक आडवी आणि एक उभी रेघ स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन्ही जुळल्या तरच रिब (पंखाच्या फासळ्या) कापायला घ्या.

आणि प्लॅनवर पेन्सिलने तीन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा: बॅलन्स पॉइंट कुठे, बेलक्रँकचा खिळा कुठे, लीडआऊट पंखाच्या टोकातून कुठे बाहेर येतात.

२. बाल्सा वजन करून घ्या

जाडी बघून बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) घेणं ही सगळ्यात कॉमन चूक. एकाच जाडीची दोन शीट वजनाला दुपटीच्या फरकाची निघू शकतात. छोटा डिजिटल काटा ठेवा. २.४ मिमी जाड, ७.५ सेमी रुंद आणि ९१ सेमी लांब शीट १८ ग्रॅमच्या आसपास भरलं तर ते रिबसाठी छान, तेच ३० ग्रॅमच्या वर गेलं तर रिबला वापरू नका, स्पार (पंखाचा लांब कणा) किंवा नाकाजवळच्या कामाला ठेवा.

शेपटीकडे सगळ्यात हलका माल लावा. शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात त्याच्या कितीतरी पट वजन टाकावं लागतं, आणि एकूण मॉडेल जड झालं की ते वळणात खाली बसतं.

३. कंट्रोलची साखळी, पंख बंद करायच्या आधी

रिब आणि स्पारचा सांगाडा (बांधायची रीत टप्पा ४ मध्ये) उघडा असतानाच हे करायचं. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी एक पूर्ण संध्याकाळ फक्त यालाच ठेवतो.

बेलक्रँक. जुन्या किटमध्ये दोन इंची छोटी बेलक्रँक येते, ती बाजूला ठेवा आणि तीन इंची लावा. छोट्या बेलक्रँकने हँडलच्या जराशा हालचालीला एलिव्हेटर फार फिरतो आणि नवख्या हातात विमान बेडकासारखं उड्या मारतं. बेलक्रँक ज्यावर बसते तो प्लायवूडचा तुकडा नुसता एका रिबला चिकटवू नका, तो दोन रिबच्या मधे पूर्ण अडकलेला आणि स्पारला टेकलेला हवा, कारण उड्डाणातली सगळी ओढ याच एका खिळ्यावर येते.

ही ओढ किती असते ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढच्या सगळ्या तपासण्या कशासाठी ते कळेल. १ किलोचं मॉडेल, १८ मीटर लाईन, ५ सेकंदांत एक फेरी, म्हणजे वेग ताशी ८० किमीच्या आसपास, आणि लाईनवर ओढ जवळजवळ ३ किलो. हीच फेरी ६ सेकंदांची झाली की ओढ २ किलोवर येते. आता विमान डोक्यावर असताना त्याचं स्वतःचं १ किलो वजन तुमच्या दिशेने येतं, म्हणजे उरतात फक्त २ किंवा १ किलो. हळू उडवलं की सेफ असं लोकांना वाटतं पण इथे ते उलट आहे, वेग गेला की लाईन सैल आणि लाईन सैल म्हणजे कंट्रोल शून्य.

लीडआऊट. बेलक्रँकच्या भोकातून तार नुसती ओवली तर घासून घासून तुटते, आत छोटी पितळी बुश बसवा किंवा तार जाड वळशात घ्या. टोकाला बारीक तांब्याच्या तारेने घट्ट गुंडाळा आणि त्यावर एपॉक्सी. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका, सोल्डर संपतं तिथे तार कडक होऊन मोडते.

पुशरॉड. २.४ मिमीची स्टीलची तार. लांब असेल तर ती जोर आल्यावर धनुष्यासारखी वाकते, आणि टेबलावर सगळं बरोबर दिसतं पण हवेत डाऊन दिलं की एलिव्हेटर अर्धाच फिरतो. मधोमध एक आधार द्या, तार त्यातून सैलसर सरकली पाहिजे.

एलिव्हेटरची हालचाल पहिल्या मॉडेलला वर १५ ते २० अंश आणि खाली तेवढीच. जास्त नको. हॉर्नवर (एलिव्हेटरला बसवलेली छोटी दांडी) वरच्या भोकात पुशरॉड लावला की हालचाल कमी होते, म्हणून तिथून सुरुवात करा.

> तपासा: लाईन न लावता मॉडेल हातात आडवं धरा, एलिव्हेटर बोटाने वर करा आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत, थांबत आला तर कुठेतरी घर्षण आहे, बहुतेक वेळा बिजागरीत गेलेला गोंद. हे आत्ताच सोडवा, "उडताना मोकळं होईल" असं कधीच होत नाही.

> तपासा: दोन्ही लीडआऊट हाताने ओढून बघा, बेलक्रँक पूर्ण फिरताना रिब किंवा स्पारला कुठे लागत नाही ना. लागत असेल तर रिब कोरा.

४. पंख सरळ ठेवा

पंख सपाट बोर्डवरच बांधा, हातात धरून नाही. पिना लावून गोंद पूर्ण वाळेपर्यंत उचलायचा नाही, घाई झाली तर जागोजागी इन्स्टंट गोंदाचा थेंब टाकता येतो पण स्पारच्या जोडांना मी साधा पांढरा लाकडाचा गोंदच वापरतो, तो वाळायला वेळ लावतो आणि तेवढ्या वेळात चूक सुधारता येते.

बऱ्याच जुन्या डिझाईनमध्ये आतला पंख, म्हणजे तुमच्या बाजूचा डावा पंख, बाहेरच्यापेक्षा थोडा लांब असतो. हे प्लॅनची चूक समजून कितीतरी जण दोन्ही सारखे करतात. तसं करू नका. आतला पंख हवेतून जरा हळू जातो आणि लाईनचं वजनही त्याच्यावर असतं, ते त्या जास्तीच्या लांबीने भरून निघतं.

लीडआऊट बाहेर येतात ती जागा पक्की करू नका. टोकाच्या रिबमध्ये एक लांबट खाच ठेवा आणि त्यात सरकणारी छोटी पट्टी स्क्रूने बसवा. जुन्या प्लॅनवर बहुधा नुसती दोन भोकं असतात पण हा एकच बदल तुम्हाला ट्रिमच्या (उडवून बघून करायच्या बारीक दुरुस्त्यांच्या) वेळी खूप त्रासातून सोडवेल आणि बाहेरून दिसतही नाही. बाहेरच्या पंखाच्या टोकातही वजन टाकायला झाकणवाली छोटी डबी आत्ताच करून घ्या.

> तपासा: पंख मागून एका डोळ्याने बघा. पुढची आणि मागची कड समांतर दिसली पाहिजे. पीळ दिसला तर आत्ता वाफ देऊन उलटा पीळ द्या आणि गार होईपर्यंत धरून ठेवा.

५. नाक, इंजिन, टँक

प्रोफाईल मॉडेलचा रोग म्हणजे थरथर. नाक थरथरलं की टँकमधल्या इंधनाला फेस येतो आणि इंजिन कधी जाड (इंधन जास्त) कधी बारीक (इंधन कमी) चालतं, मग माणूस बिचारा नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवत बसतो. म्हणून नाकाच्या दोन्ही बाजूंना प्लायवूड पंखाच्या पुढच्या कडेपलीकडे जाईपर्यंत चिकटवा, आणि इंजिनाचे बेअरर (ज्यावर ते बसतं त्या पट्ट्या) कडक लाकडाचेच, तेही पंखात शिरतील इतके लांब.

इंजिनाला बाहेरच्या बाजूला १ ते २ अंश तिरकं करा, पुढच्या बोल्टखाली वॉशर टाकून होतं. कधीच आतल्या बाजूला नाही.

टँक पाचरीच्या आकाराचा, बाहेरच्या बाजूला, आणि आतली नळी टँकच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात पोचलेली हवी कारण फिरताना इंधन तिकडेच ढकललं जातं. टँक पक्का चिकटवू नका. वर खाली सरकवता येईल असा रबर बँडने किंवा पट्टीने बांधा.

फॉक्स ३५ (३५ म्हणजे ०.३५ घनइंच) सारख्या जुन्या इंजिनाला आजचं पातळ सिंथेटिक तेलाचं इंधन घातलं तर ते मरतं. एकूण तेल २५ टक्क्यांच्या वर आणि त्यातलं निदान अर्धं कॅस्टर (एरंडेल), नायट्रो (नायट्रोमिथेन) ५ ते १० टक्के पुरे. बरीच वर्षं पडून असलेलं इंजिन कॅस्टर सुकून जाम झालेलं असतं, ते पाना लावून फिरवू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. हेअर ड्रायरने गरम करा, थोडं तेल सोडा, थांबा, परत गरम करा, मग हाताने हळूच.

> इशारा: इंजिन चालू असताना नीडल नेहमी प्रॉपच्या (पुढच्या फिरत्या पंख्याच्या) मागून फिरवा आणि प्रॉपच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. सुरू करायला बोट नाही, काठी वापरा.

६. कव्हरिंग आणि डोप

टिश्यू किंवा सिल्क, दोन्ही चालतं. सिल्क ओलं करून लावलं की सुरकुत्या वाळताना आपोआप जातात.

इथे चुकतं ते डोपमध्ये, म्हणजे कव्हरिंग आवळून पक्कं करणाऱ्या लॅकरमध्ये. नायट्रेट डोप चिकटतो छान पण इंजिनाच्या ग्लो इंधनाने विरघळतो, म्हणून खाली नायट्रेट आणि वर ब्युटिरेट किंवा टू पार्ट क्लिअर. उलटा क्रम लावलात, म्हणजे ब्युटिरेटवर नायट्रेट, तर ते सोलून निघतं. डोप आवळताना पंखाला पीळ देतो त्यामुळे पातळ हात द्या, वर आणि खाली एकाच बैठकीत, आणि वाळताना पंख बोर्डवर टेकू देऊन पिनांनी धरून ठेवा. नायट्रेटमध्ये कॅस्टर तेलाचे थोडे थेंब टाकले की आवळणं जरा कमी होतं.

इंजिनाच्या भोवती, टँकच्या मागे आणि कापलेल्या सगळ्या उघड्या लाकडी कडांना दोन हात जास्त. तेल शिरलेलं लाकूड परत चिकटत नाही.

७. बॅलन्स, आणि तोही टँक रिकामा असताना

पंख जोडला, इंजिन, प्रॉप, चाकं सगळं लागलं की मगच बॅलन्स बघा. पहिल्या उड्डाणासाठी प्लॅनवरच्या खुणेपेक्षा ५ मिमी पुढे ठेवा. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं पण उडतं, शेपूट जड असलेलं विमान पहिल्या अर्ध्या फेरीतच गमावलं जातं.

लीडआऊटची जागा: दोन्ही लीडआऊट दोन बोटांनी धरून मॉडेल खाली लटकवा, बाहेरचा पंख जमिनीकडे. नाक किंचित खाली झुकलेलं हवं. शेपूट खाली गेलं तर लीडआऊटची पट्टी मागे सरकवा, कारण अशा विमानाचं नाक उडताना आत, तुमच्याकडे वळतं.

टिप वेट (बाहेरच्या पंखाच्या टोकातलं वजन) ३५ साइझच्या मॉडेलला साधारण २५ ते ३० ग्रॅमपासून सुरू करा.

८. लाईन आणि हँडल

३५ इंजिनाला ०.३८ मिमीची पिळाची स्टील लाईन, १८ मीटरच्या आसपास. ०९ ते १५ साइझला ०.३० मिमी आणि १५ मीटर. ०४९ ला ०.२० मिमी आणि १० ते १२ मीटर. जाड लाईन जास्त सेफ वाटते पण हवेत तिचा अडथळा वाढून छोटं इंजिन दमतं.

टोकं गुंडाळताना आत धातूचा डोळा घाला. लाईनला एकदा कडक मोड पडली की ती लाईन गेली. सरळ करून वापरू नका, तुटली तर तिथूनच तुटते. माझं एक मॉडेल मी असंच घालवलं, मोड बोटाने चोळून सरळ केली आणि तिसऱ्याच उड्डाणात लाईन बरोबर त्याच जागी तुटली.

दोन्ही लाईन सारख्या लांबीच्या, आणि हँडल सरळ उभं धरल्यावर एलिव्हेटर नेमका न्यूट्रल. वरची लाईन अप. हँडलच्या वरच्या टोकाला लाल टेप गुंडाळा, आणि अपच्या लीडआऊटच्या क्लिपलाही तसाच लाल टेप.

> तपासा, प्रत्येक उड्डाणाआधी: हँडलचा वरचा भाग स्वतःकडे झुकवा, एलिव्हेटर वर गेला पाहिजे. मदतनीस मोठ्याने "अप" म्हणेल, मग उलट, "डाऊन". लाईन उलट्या लागून फुटलेली मॉडेलं मोजायला बोटं पुरणार नाहीत आणि ही तपासणी दहा सेकंदांची आहे.

९. ओढून बघा

मदतनीस मॉडेल मधोमध, बेलक्रँकच्या जवळ धरेल, पंखाच्या टोकाला नाही. तुम्ही स्प्रिंग काटा हँडलला लावून मॉडेलच्या वजनाच्या दहापट ओढा. १ किलोच्या मॉडेलला १० किलो. भीती वाटते हे खरं, पण ज्याला सुटायचं आहे ते इथे सुटू दे. काही ताणलं किंवा सरकलं तर त्या दिवशी उडवायचं नाही.

१०. जागा आणि वारा

> इशारा: स्टीलच्या लाईन म्हणजे थेट तुमच्या हातापर्यंत आलेली वीजवाहक तार. जवळपास विजेच्या तारा असतील तर तिथे उडवायचंच नाही, मी शंभर मीटरच्या आत दिसल्या तरी परत येतो. ढग गडगडत असले तरी तेच.

हँडलला मनगटाचा पट्टा बांधलेला असू द्या. मधल्या जागी चुन्याने खूण करा, वर्तुळाच्या बरंच बाहेर बघ्यांना थांबवा.

वारा पाठीवर घेऊन उभं राहा. मॉडेल समोरच्या बिंदूपासून थोडं उजवीकडे ठेवा, ते तुमच्या उजवीकडून डावीकडे जाईल, म्हणजे वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट. असं केलं की चाकं सुटतात तेव्हा वारा त्याला बाहेर ढकलत असतो आणि लाईन ताठ राहते. वाऱ्याच्या तोंडच्या बाजूने सोडलं तर वारा त्याला तुमच्या अंगावर आणतो, पहिल्या उड्डाणात झालेले बरेचसे अपघात हे इथले.

११. पहिलं उड्डाण

टँक पूर्ण भरू नका. ३५ इंजिनाला ४० मिली पुरे, दोनेक मिनिटांचं उड्डाण होतं आणि तेवढ्यात चक्करही येत नाही.

इंजिन जरा जाड ठेवा. नाक आकाशाकडे केल्यावर आवाज चढला पाहिजे आणि आडवं केल्यावर परत खाली यायला पाहिजे. नाक वर केल्यावर बंद पडत असेल तर ते फार बारीक आहे.

मदतनीसाने मॉडेल फक्त सोडायचं, ढकलायचं नाही, आणि सोडताना नाक किंचित बाहेर. तुम्ही हात सरळ पुढे, मनगट आणि कोपर लॉक, हालचाल सगळी खांद्यातून. मनगटाने उडवायला गेलात की एलिव्हेटर टोकापर्यंत जातो, विमान वर, घाबरून डाऊन, आणि संपलं. जमिनीवर अप देऊ नका, वेग आला की ते स्वतःच उचलतं.

नजर फक्त विमानावर. मागची झाडं बघितली की गरगरतं. उंची २ ते ३ मीटर, तिथेच फेऱ्या मारा, वर खाली नको.

लाईन सैल झाली असं वाटलं त्याच क्षणी मागे पळा. विचार करायला वेळ नसतो, म्हणून घरी मोकळ्या हाताने दोन तीनदा मागे पळायची सवय करून घ्या.

इंजिन बंद पडलं की नाक थोडंसं खाली ठेवून वेग टिकवा, एक दोन पावलं मागे सरकत लाईन ताठ धरा आणि जमिनीपासून हातभर वर आल्यावर हळूच सपाट करा. अप ओढून धरलात तर ते थांबतं आणि पडतं.

१२. ट्रिम, एका वेळी एकच बदल

सरळ उडताना विमान सतत वर खाली लाटांसारखं जात असेल तर आधी कंट्रोलमधला ढिलेपणा बघा, मग नाकात ५ ग्रॅम वाढवा, मग हँडलवरच्या लाईनमधलं अंतर कमी करा. याच क्रमाने.

बाहेरचा पंख सुलट उडताना खाली आणि उलटं उडवतानाही खालीच दिसतो, तर टिप वेट जास्त आहे. सुलट असताना वर आणि उलट असताना खाली, तर वजन नाही, पंखात पीळ आहे. हे दोन वेगळे आजार लोक एकाच औषधाने बरे करायला बघतात, वजन काढत राहतात आणि मग कडक वळणावर विमान आत कलंडून लाईन सैल पडते.

उलटं केल्यावर इंजिन बारीक होऊन वेग वाढला तर टँक वर बसलाय, दीड दोन मिमी खाली घ्या. उलटं केल्यावर जाड झालं तर टँक वर घ्या. यासाठी नीडलला हात लावायचा नाही.

लीडआऊटची पट्टी एका वेळी ३ मिमीच सरकवा आणि आधीच्या जागेवर पेन्सिलची रेघ ठेवा.

१३. आवरताना

उरलेलं इंधन काढा, इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवा आणि आत तेलाचे चार थेंब टाका. मॉडेलवरचं तेल त्याच दिवशी पुसा. लाईन स्वच्छ कोरड्या फडक्यातून ओढत रीळवर गुंडाळा, रीळ फिरवून, लाईन फिरवून नाही, नाहीतर पीळ पडतो. बोटाला एखादा तुटका धागा टोचला तर ती जोडी तिथेच कापून टाका म्हणजे पुढच्या वेळी चुकून हातात यायची नाही.